साठपट भिंग, जांभळा टॉर्च आणि बाबांची स्वाक्षरीवही

अंगठ्याएवढं काळं प्लास्टिकचं सूक्ष्मदर्शक. पुढे दोन दिवे, एक पांढरा आणि एक जांभळा. खोक्यावर लिहिलंय ‘साठ पट’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘दागिने, तिकिटं, नोटा तपासण्यासाठी’. किंमत ३४९ रुपये, घरपोच. मी ते जुन्या स्वाक्षऱ्या बघायला सात महिने जवळजवळ रोज वापरलं. हे भिंग कशाला उपयोगी पडतं आणि कुठे तोंडघशी पाडू शकतं, हे मी २६,००० रुपये घालवून शिकले. जुन्या सह्या विकत घेणाऱ्यांनी निदान माझ्या पैशांचा फायदा घ्यावा, म्हणून हे लिहितेय.

माझी नोकरी नागपुरात, राष्ट्रीयीकृत बँकेत. एकतीस वर्षं, त्यातली शेवटची बारा चेक पासिंगला. स्पेसिमेन कार्ड, म्हणजे खातेदाराच्या सहीचा नमुना, एका हातात, चेक दुसऱ्या हातात, दिवसाला शे-दीडशे सह्या. नोटा तपासायचा यूव्ही, म्हणजे अतिनील, लॅम्प टेबलाच्या डाव्या हाताला. त्यामुळे सही म्हणजे काय, ते मला कळतं, असा माझा पक्का समज होता.

आमच्या घरात बाबांची स्वाक्षरीवही आहे. बाबा वर्ध्याचे. १९४१च्या सुरुवातीला, पंधराव्या वर्षी, त्यांनी ती वही धरली. पहिल्या पानावर सेवाग्रामला मिळालेली गांधीजींची देवनागरी सही. गांधीजी सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडाला जात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शाळामास्तरांच्या घरात त्या काळी पाच रुपये जमवायचे म्हणजे काय, ते आजी सांगायची. तिने दिवाळीचं तूप विकत आणलं नव्हतं. पुढे विनोबा, काकासाहेब कालेलकर, आणि अशी काही नावं जी आता कोणी ओळखत नाही. चौथं पान कोरं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात एकच शब्द: ‘गुरुदेव’. वही टपालाने शांतिनिकेतनला पाठवायची, सोबत परतीची तिकिटं ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ७ ऑगस्ट १९४१ला रवींद्रनाथ गेले. पान तसंच राहिलं आणि बाबा त्या पानावर कोणालाच सही करू देत नसत.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडे रवींद्रनाथांच्या सहीचं कार्ड दिसलं. जाडसर, पिवळट कार्ड, इंग्रजीत पूर्ण सही, खाली १९३४. सोबत प्रमाणपत्र, त्यावर सोनेरी होलोग्राम, क्रमांक आणि ‘आजीवन हमी’. मी फोटो मोठा करून पाहिला. शाई टाकाची दिसत होती, बॉलपेनची नाही, आणि एवढ्यावर निश्चिंत होऊन मी ते घेतलं. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आलं १९४५च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कला. त्यामुळे टिळकांची, टागोरांची बॉलपेनची सही कोणी दाखवली तर तिथून उठून यावं, एवढं मला माहीत होतं. अडचण अशी की हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं.

भिंग आलं ते कार्ड घरी येऊन दीड महिना झाल्यावर. भाचीने वाढदिवसाला दिलं.

आधी वापरायची रीत सांगते, कारण खोक्यात कागद नाही. भिंगाचं तोंड कागदाला टेकवायचं, अगदी चिकटवून, आणि बाजूचं चाक हळू फिरवायचं. हात जरासा हलला की चित्र पळतं. कागद टेबलावर आणि कोपर टेबलावर, असं बसलात तरच जमेल. सहीवर प्लास्टिक थेट टेकवू नका. मी पातळ पारदर्शक पॉलिएस्टरचा तुकडा मध्ये ठेवते. कडेला रंगांची झालर दिसते, मधलाच भाग स्वच्छ. साठ पट हा आकडा मला पटत नाही, निम्मा धरा. पण निम्माही पुरतो.

पहिल्यांदा गांधीजींची सही पाहिली आणि मी तासभर उठले नाही. टाकाने लिहिताना खाली दाब दिला की निबची दोन टोकं फाकतात आणि रेघेच्या दोन्ही कडांना दोन गडद रुळ पडतात. ते रुळ तिथे होते. एक रेघ दुसरीवरून गेली होती तिथे शाई दुप्पट काळी होती. शेवटचा फटकारा निमुळता होत कागदावरून उचलला गेला होता, जसा चालत्या हाताचा उचलला जातो. शाई कागदाच्या तंतूंत उतरली होती, पण पसरली नव्हती. हे शेवटचं फार मोलाचं आहे. नव्या कागदावर खळीसारखं एक आवरण असतं, ते शाईला धरून ठेवतं. कागद जुना झाला की ते झिजतं. म्हणून आज कोणी शंभर वर्षं जुन्या कागदावर टाकाने लिहिलं तर शाईला पिसासारखे बारीक फाटे फुटतात. जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून त्यावर सह्या करणाऱ्यांचा माल पुष्कळदा इथेच पकडला जातो.

मग टागोरांचं कार्ड घेतलं. फाटे नव्हते. रुळ होते. मनात हुश्श झालं. पण रेघ बघता बघता बँकेतलं टेबल आठवायला लागलं. सहीची सुरुवात बोथट होती, शेवटही बोथट. गोलाईच्या मधोमध, जिथे कोणाचाही हात थांबत नाही, तिथे तीन ठिकाणी शाईचा बारीक ठिपका होता. तिथे टाक थांबला होता. लिहिणारा तिथे थांबून दुसरीकडे बघत होता.

जांभळा दिवा लावला. बँकेच्या लॅम्पखाली खरी नोट अंधारी राहते आणि तिच्यातले तंतू व क्रमांक चमकतात. रद्दी कागदावर छापलेली खोटी नोट सगळीच निळी पांढरी उजळते. हे कार्ड तसं उजळलं. कडेचा पिवळटपणा वरून चोळलेला होता, त्याखाली निळसर प्रकाश. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं साधारण १९५०नंतर कागदात आली. १९३४च्या कार्डाने चमकायचं काही कारण नाही.

इथे या वस्तूचा पहिला मोठा दोष. तिच्यातला जांभळा दिवा कमी प्रतीचा आहे. तो अतिनीलपेक्षा डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाशच जास्त टाकतो आणि सगळंच थोडं चमकल्यासारखं वाटतं. शंकेला जागा राहते. मी पुण्याच्या बुधवार पेठेतून ३६५ नॅनोमीटरचा, म्हणजे खऱ्या अतिनील प्रकाशाचा, पुढे काळी काच असलेला टॉर्च ११०० रुपयांना आणला. त्याखाली बाबांच्या वहीचं पान काळपट तपकिरी राहिलं आणि कार्ड ट्यूबलाइटसारखं पेटलं. दुकानदाराने ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त टॉर्च आधी पुढे केला होता; तो घेऊ नका. आणि हा टॉर्च मिनिटभरापेक्षा जास्त एका जागी धरू नका, शाई उडते. डोळ्यांत तर कधीच नाही.

उलट चूकही होते. कागद चमकला नाही म्हणून तो जुना ठरत नाही. जुनी कोरी पानं कुठल्याही रद्दीच्या दुकानात मिळतात. आणि खरा जुना कागदही डिंकाने, नव्या प्लास्टिकच्या फाइलीने, साबणाच्या पाण्याने चमकू शकतो, कारण धुण्याच्या पावडरीतही तीच द्रव्यं असतात. माझ्या वहीच्या शिवणीजवळ एक पट्टी चमकते. दादाने नव्वदच्या दशकात तिथे चिकटपट्टी लावली होती.

जर्मनीतलं १९८३चं प्रकरण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘स्टर्न’ या साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या म्हणून वह्यांचा ढीग ९३ लाख मार्कांना घेतला. हस्ताक्षराच्या जाणकारांनी आधी त्यांना मान्यताही दिली. शेवटी सरकारी अभिलेखागाराच्या तपासणीत कागदात युद्धानंतरची चमकद्रव्यं सापडली. म्हणजे माझा ११०० रुपयांचा टॉर्च करतो तेच काम. पण मला त्याहून मोठा धडा वाटतो तो दुसरा. जाणकारांनी अक्षर ज्या नमुन्यांशी ताडून पाहिलं, त्यातले काही नमुने त्याच कोन्राड कुयाऊ या बनवणाऱ्याच्या हातचे होते. स्पेसिमेन कार्डच खोटं असेल तर चेक पास होणारच! आज इंटरनेटवरून सह्यांचे नमुने उतरवून तुलना करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. विक्रीला असलेली सही दुसऱ्या विक्रीला असलेल्या सहीशी ताडू नका. संग्रहालयांची, अभिलेखागारांची प्रसिद्ध केलेली पत्रं घ्या, आणि त्याच काळातली घ्या. तिशीतली सही साठीत राहत नाही.

मीही नमुना शोधला, आणि नको इतका चांगला मिळाला. एका जुन्या पत्राच्या प्रतिमेतली टागोरांची सही मी त्याच मापात छापून घेतली, कार्डावर धरली आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावली. रेघ न् रेघ जुळली. काउंटरवर आम्ही ‘सही वेगळी’ म्हणून चेक परत करायचो, हे सगळ्यांना माहीत असतं. सही तंतोतंत, केसभरही फरक नसलेली निघाली तरी चेक बाजूला काढायचो, हे बाहेर कोणाला माहीत नसतं. माणूस दोनदा सारखी सही करूच शकत नाही. १८६०च्या दशकात अमेरिकेत एका मृत्युपत्राच्या खटल्यात बेंजामिन पिअर्स या गणितज्ञाने हेच मोजून दाखवलं होतं. मृत बाईच्या ४२ सह्या, प्रत्येकीतल्या खाली येणाऱ्या ३० रेघा, आणि त्या सगळ्या योगायोगाने जुळण्याची शक्यता इतकी नगण्य की वादग्रस्त सही गिरवलेलीच असणार, असं त्याने कोर्टात सांगितलं.

आता भिंग जिथे चोख काम करतं ते सांगते. छापील सह्या. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला कोणीतरी संविधानाचं ‘मूळ सह्यांचं पान’ दाखवलं, डॉ. आंबेडकरांच्या सहीसकट, आणि ते विकत घ्यायला त्याने गृहकर्जाची चौकशी सुरू केली होती. २४ जानेवारी १९५०ला संविधान सभेच्या २८४ सदस्यांनी सह्या केल्या हे खरं. पण त्या हस्तलिखित प्रती संसदेच्या ग्रंथालयात, वायू भरलेल्या पेट्यांत आहेत. बाहेर मिळतात त्या डेहराडूनला सर्वे ऑफ इंडियाने छापलेल्या सुमारे हजार प्रती. त्या सुंदर आहेत, आज त्यांनाही चांगली किंमत येते, पण त्यातल्या सह्या छापलेल्या आहेत. आम्ही भिंग लावलं. निबचे रुळ नाहीत. रेघ रेघेवरून जाते तिथे शाई गडद होत नाही. शाईला उंची नाही, कागदाला दाब नाही. दोन मिनिटांत निकाल, आणि त्याचं घर वाचलं. चित्रपट नटांचे चाहत्यांना पाठवलेले फोटो, क्रिकेट संघांच्या सह्यांचे कागद, हेही असेच बघा. इंकजेट प्रिंटरची ‘काळी’ सही तर भिंगाखाली निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची निघते.

याच्या पुढे भिंग थांबतं, आणि मी ते न कळून पुढे चालत राहिले. गांधीजींच्या सहीत मला एका जागी थरथर दिसली आणि दोन रात्री झोप लागली नाही. टागोरांच्या कार्डात रेघ अडखळली म्हणजे खोटेपणा, मग इथे? दादाला फोन केला. तो चिडला. “बाबांच्या हातातून आलेल्या वहीला तू आता पासिंग लावणार?” म्हणाला. त्याचं बरोबर होतं आणि माझंही. शेवटी मी वही आणि कार्ड घेऊन पुण्यात एका निवृत्त दस्तऐवज तज्ज्ञांकडे गेले. कोर्टात अनेक वर्षं साक्षी दिलेले गृहस्थ. नाव न छापण्याची त्यांची अट आहे, कारण ते महिन्याला मोजकीच कामं घेतात. फी सहा हजार.

त्यांनी पहिला अर्धा तास सहीकडे पाहिलंच नाही. वही कुठे होती, कोणाकडे होती, कोणत्या घरातून कोणत्या घरात गेली, हे विचारत राहिले. आजीच्या तुपाची गोष्टही त्यांनी लिहून घेतली. मग कार्ड घेतलं, खोलीतला दिवा घालवला आणि साधा टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरला. शाईच्या रेघेशेजारी, केसभर बाहेर, एक कोरडी चर दिसली. आधी टोकदार वस्तूने गिरवून घेतलेली सही, मग तिच्यावर शाई. तिरप्या उजेडाची ही तपासणी मोबाइलच्या दिव्यानेही होते. मला एकतीस वर्षांत कोणी शिकवली नव्हती. मी ती त्याच रात्री माझ्या सगळ्या कागदांवर करून पाहिली.

गांधीजींच्या सहीबद्दल ते म्हणाले, “ताई, म्हाताऱ्या हाताची थरथर आणि नकलेची थरथर यात फरक आहे. थकलेला हात थरथरतो पण थांबत नाही. नकल करणारा थांबतो.” शिवाय गांधीजी उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत, त्यामुळे त्यांच्या खऱ्या सह्याही एकमेकींशी भांडतात. अहवाल दोन पानी आला. त्यात ‘खरी आहे’ असं कुठेच नाही. ‘काळाशी, शाईशी, हाताच्या गतीशी विसंगत काही आढळलं नाही, कौटुंबिक माहिती यास पूरक आहे’ असं आहे, आणि प्रत्येक वाक्याला कारण आहे. कशाची तपासणी केली नाही तेही लिहिलंय. शाईची रासायनिक तपासणी नाही, कारण त्यासाठी शाईचा कण काढावा लागला असता. मला हा कागद त्या सोनेरी होलोग्रामपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

होलोग्रामची गुंडाळीच्या गुंडाळी छापून मिळते. अमेरिकेत नव्वदच्या दशकात एफबीआयने सॅन डिएगोहून खोट्या सह्यांची एक टोळी पकडली. खेळाडूंच्या सह्या तर होत्याच, पण मदर तेरेसांनी सही केलेले बेसबॉलचे चेंडूसुद्धा सापडले. त्या मालासोबत प्रमाणपत्रंही होतीच. प्रमाणपत्र ज्याने माल विकला त्यानेच दिलं असेल, तर ते त्याच्या बोलण्याचीच लेखी प्रत असते.

पैसे परत मिळाले का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. नाही. परतीची मुदत तीस दिवसांची होती, आणि बिलावर शब्द होते ‘संग्राह्य कार्ड’. टागोरांचं नाव बिलावर कुठेच नव्हतं. ते फक्त जाहिरातीत आणि प्रमाणपत्रात होतं. तज्ज्ञांचा अहवाल जोडून दोन रजिस्टर्ड पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. पैसे देण्याआधी बिलावर ‘अमुक व्यक्तीची स्वहस्ते केलेली सही’ हे शब्द लिहून घ्या, आणि स्वतंत्र तपासणीत खोटी ठरल्यास परत घेण्याची मुदत लिहून घ्या. जो विक्रेता ही दोन वाक्यं लिहायला कचरतो, त्याच्याकडे भिंग काढायचीही गरज नाही.

आणखी एक धोका घरातूनच आला. न्यू जर्सीचा पुतण्या म्हणाला, “आत्या, गांधीजींचं पान मी घेऊन जातो, तिकडे लिलावात लावू.” १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक, साहित्यिक, वैज्ञानिक किंवा कलात्मक मोल असलेलं हस्तलिखित वा कागद ७५ वर्षांचा झाला की पुरावस्तूत मोडतो, आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही. सूटकेसमध्ये कपड्यांखाली ठेवून तर मुळीच नाही. त्याला वाईट वाटलं, पण समजलं. २०१२मध्ये गांधीजी आणि त्यांचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र कॅलनबाख यांचा पत्रसंग्रह लंडनच्या लिलावात जाणार होता, तो भारत सरकारने लिलावाआधीच विकत घेऊन परत आणला, हे त्याला सांगितलं. गेलेलं परत आणायला एवढं करावं लागतं, तर असलेलं कशाला पाठवायचं?

तर भिंगाबद्दल. ते ‘नाही’ म्हणू शकतं, आणि ठामपणे म्हणतं. ‘हो’ ते कधीच म्हणू शकत नाही, आणि मी त्याच्याकडून ‘हो’ ऐकायला बसले होते. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मार्क हॉफमनने बनवलेल्या जुन्या कागदांनी वर्षानुवर्षं मोठमोठ्या जाणकारांना फसवलं. १९८५मध्ये त्याच्या बॉम्बनी दोन जीव घेतले, मग तपासणी कसून झाली, तेव्हा कुठे सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कृत्रिम जुन्या केलेल्या शाईला पडलेल्या बारीक भेगा लक्षात आल्या. ३४९ रुपयांत ती नजर येत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा जांभळ्या दिव्यासाठी कापला, एक बटणासारख्या तीन सेलसाठी. ते महिन्यात संपतात, आणि भिंग बंद ठेवलं तरी संपतात, म्हणून वापर झाला की काढून ठेवा. चाकाचं प्लास्टिक ढिलं आहे पण सात महिने टिकलं. दादाच्या नातीने पहिल्या दिवशीच स्वतःचा भात त्याखाली पाहिला, तरीही टिकलं.

टागोरांचं कार्ड मी वहीत चिकटवलं नव्हतं, एवढं एक बरं. ते आता पाकिटात आहे, वर लाल शाईने मोठं ‘नकली’ लिहून, म्हणजे माझ्यानंतर कोणी ते पुन्हा विकू नये. चौथ्या पानावर मी काल भिंग ठेवलं. ‘गुरुदेव’ची पेन्सिल कागदाच्या उंचवट्यांवर बसलेली दिसते, ग्राफाइटचे कण चांदीसारखे चमकतात, आणि ‘दे’च्या मात्रेपाशी पंधरा वर्षांच्या मुलाने दाब इतका दिलाय की कागद जरासा खचलाय.